लाल, लाल, तपकिरी

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलांचं विद्यापीठ पूर्वी नागपूरला होतं. 2011 मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र त्याआधीचं, 1996चं. विद्यापीठाचं अंतर अजूनही आहेच म्हणा. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, तेही एसटीने.

अभियांत्रिकीच्या मुलांची इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सुरुवात होते साध्या एलईडीपासून. 5 व्होल्ट थेट जोडले, तर बिचारा जळायचाच. तांबडा एलईडी स्वतःकडे साधारण 2 व्होल्ट ठेवतो, उरतात 3. मध्ये 220 ओहमचा रोधक टाकला की प्रवाह 14 मिलिअँपिअरच्या आत राहतो. त्या रोधकावरचे पट्टे लाल, लाल, तपकिरी. हे एकदा पाठ झालं की जन्मभर विसरत नाही. संगणकाच्या तासाला तोच दिवा प्रोग्रॅम लिहून लुकलुकवायचा. एक अर्धविराम राहिला, की संध्याकाळ गेली!

आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45च्या पुढे सरकला, की खोलीतला कूलर आणि लॅपटॉपचा पंखा दोघंही सारखेच घरघरतात.