मंडळासाठी कॅमेरा कोणता घ्यावा?
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेत कॅमेऱ्यावरून जो वाद झाला, तो मिटवण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्या गळ्यात घातले. माझ्या वडिलांचे फोटोचे छोटे दुकान होते आणि लहानपणी त्यांच्या अंधाऱ्या खोलीत मी फोटो वाळत घालीत असे, एवढेच माझे भांडवल. तरी पण दोन महिने मी दोन कॅमेरे उसने आणून वापरले. एक माझ्या पुतण्याचा आणि एक शेजारच्या मुलीचा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला दोन्ही गळ्यात अडकवून मी हिंडत होते, तेव्हा काही जणी हसल्या. त्या हसण्याचे फळ आज त्यांना ऐकून घ्यावे लागणार आहे.

नव्या सभासदांना या वादाचे मूळ ठाऊक नाही, म्हणून सांगते. गेल्या मार्गशीर्षात आपल्या भजनवर्गाच्या काकू गेल्या. शोकसभेसाठी त्यांचा फोटो हवा होता. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये काकू होत्या; पण कुठे कडेला, कुठे पाठमोऱ्या, कुठे पंगतीत वाढताना. शेवटी कोजागिरीच्या समूहफोटोतून चेहरा कापून काढला. तो फोटो तीन जणींच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून फिरून आलेला, म्हणजे प्रत्येक वेळी थोडा थोडा आटलेला. छापखान्यात मोठा केला तेव्हा डोळ्यांच्या जागी दोन डाग दिसू लागले. काकूंच्या सूनबाईंनी तो पाहिला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. आपल्या यादीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एकोणीस सभासद आहेत. कॅमेरा हवा तो त्यांच्यासाठी. सहलीच्या हौसेसाठी नव्हे, हे मनात धरून पुढचे ऐका.

पैसे दिवाळीच्या फराळाचे आहेत. त्याच पैशांतून शिवणवर्गाची बंद पडलेली दोन यंत्रे दुरुस्त व्हायची आहेत. खजिनदारबाई मला मघापासून खुणावीत आहेत, तर त्यांना सांगते की यंत्रांचा मला विसर पडलेला नाही.

आता दोन पक्ष कोणते? एक पक्ष म्हणतो, मिररलेस घ्या. दुसरा म्हणतो, मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा घ्या, म्हणजे तो पर्समध्ये राहील. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगामागे एक तिरपा आरसा असे. तो समोरचे दृश्य वर डोळ्याशी पोचवी आणि फोटो घेताना खटकन वर उचलला जाई. पॅनासोनिकने २००८ साली तो आरसा काढून टाकून, भिंग बदलता येईल असा जी-१ नावाचा कॅमेरा विक्रीला आणला, तेव्हापासून ही जात वाढली. (आरसा नसलेली वस्तू बायकांनी पैसे देऊन का घ्यावी, असे आमच्या घरी विचारण्यात आले. मी उत्तर दिले नाही.)

छोट्या कॅमेऱ्याचे भिंग अंगालाच जडलेले असते, ते बदलता येत नाही. पण म्हणून तो खेळणे नव्हे. होमाई व्यारावाला, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आपल्या देशातल्या पहिल्या नामांकित स्त्री वृत्तछायाचित्रकार, त्यांच्या हाती रोलिफ्लेक्स असे. रोलिफ्लेक्सचे भिंग निघत नाही. आमच्या दुकानातल्या आग्फा क्लिक-३ चेही निघत नसे. एका रिळात बारा फोटो, आणि वडील अकरावा झाला की बाराव्यासाठी चांगले गिऱ्हाईक यायची वाट पाहत बसत.

सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसवलेली, उजेड टिपणारी चकती. तिचे माप महत्त्वाचे. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात ती साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरची असे. मोठ्या सेन्सरच्या छोट्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा ‘एक इंची’ चकती असते. सोनीने २०१२ साली आरएक्स-१०० काढला, तेव्हापासून ती खिशातल्या कॅमेऱ्यांत रुळली. नावावर जाऊ नका. ती १३.२ × ८.८ मिलिमीटर असते, कर्ण मोजला तरी सोळा मिलिमीटर भरत नाही. जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या मापावरून हे नाव पडले आणि तसेच चालू राहिले. मी वापरलेला मिररलेस कॅननचा आर-५०. त्याची चकती २२.३ × १४.९, म्हणजे एक इंचीच्या जवळजवळ तिप्पट क्षेत्रफळाची. एवढे ऐकून मिररलेस पक्षाने मागच्या सभेत टाळ्या वाजवल्या होत्या. त्या जरा घाईच्या होत्या.

पावसात अंगणात परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर परातीत पाणी अधिक साठेल हे खरे. पण पाऊस दोन्हीवर सारखाच पडत असेल तर! परातीवर भुरभुर आणि वाटीवर मुसळधार, असे झाले तर काय होईल? भिंगाच्या छिद्राचा आकडा हाच तो पावसाचा जोर. त्याला ‘एफ’ म्हणतात. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि पाऊस जास्त.

शेजारच्या मुलीचा छोटा कॅमेरा कॅननचाच, जी-७ एक्स मार्क थ्री, २०१९ सालचा. त्याच्या भिंगाचा रुंद बाजूचा आकडा १.८. मिररलेसबरोबर खोक्यात जे झूमचे भिंग येते, त्याचा रुंद बाजूचा आकडा ४.५. ४.५ ला १.८ ने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा. उत्तर सव्वासहा. म्हणजे वाटीवर सव्वासहापट पाऊस, आणि परात मात्र तिप्पटसुद्धा मोठी नाही. एकंदर उजेड छोट्या कॅमेऱ्यात दुपटीहून जास्त साठतो. हळदीकुंकवाचे फोटो मी संगणकावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मलाही आधी वाटले की नावे चुकली. ट्यूबलाइटच्या उजेडात छोट्या कॅमेऱ्याचे चेहरे स्वच्छ होते आणि मोठ्याचे रवाळ.

आणखी एक. आपला हॉल लहान. फोटो काढणारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली तरी पहिली रांग पाच मीटरांवर येते. तिथून छोट्या कॅमेऱ्यात साडेसात मीटर रुंदी मावते, आणि खोक्यातल्या भिंगात सव्वासहा. दोन्ही कडेच्या मिळून दोन जणी तरी फोटोबाहेर. दर वर्षी त्याच बाहेर राहतात आणि दर वर्षी रुसतात, हे मी कोणाचे नाव न घेता सांगते.

मग छोटा कॅमेरा जिंकला म्हणायचे का? थांबा. पुतण्याने मला एक दुसरे भिंग दिले होते. पन्नास मिलिमीटरचे, आकडा १.८, झूम नाही, वजन १६० ग्रॅम. कॅननच्या भिंगांत ते स्वस्तातले गणले जाते. ते लावले, आणि काकूंच्या जागी आता ज्या आजी पेटी वाजवतात त्यांच्यापासून दोन हातांवर बसले. चेहरा एवढ्या मापाने टिपायचा तर छोट्या कॅमेऱ्याला झूम पुढे घ्यावे लागते, आणि तिथे त्याचा आकडा २.८ होतो. आता मुसळधार परातीवर पडू लागली! हिशेब केला तर मिररलेसमध्ये जवळजवळ सातपट उजेड. आजींच्या भुवयांचे केस मोजता येत होते. मागची खुर्च्यांची रास आणि भिंतीवरची विजेची बटणे विरून गेली होती. फोटो पाहून आजी म्हणाल्या, “ही मी आहे खरी.” मी पुष्कळ वर्षांनी कोणाच्या तोंडून असे ऐकले. बहुतेक जणी स्वतःचा फोटो पाहून “काढून टाक गं” असेच म्हणतात.

दोन हातांवरून, असे मी मुद्दाम म्हटले. तोंडाजवळ जाऊन रुंद भिंगाने फोटो काढला की नाक पुढे येते आणि कान मागे जातात. मोबाईलवर हात लांब करून काढलेल्या फोटोत आपण सगळ्या अशाच दिसतो. रिको जीआरसारखे काही छोटे कॅमेरे असे आहेत की त्यांची चकती मिररलेसएवढी मोठी, पण झूम मुळीच नाही आणि नजर रुंद. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्यांना ते फार आवडतात. फुजीच्या एक्स-१०० व्हीआय साठी २०२४ साली पुष्कळांनी महिनोन्महिने वाट पाहिली. त्याची नजर जरा कमी रुंद, तरी म्हाताऱ्या माणसाचा चेहरा ठळक टिपण्यासाठी मी तोही घेणार नाही.

आता एक गोष्ट अशी, की जी दुकानातला मुलगा आपल्याला सांगणार नाही, कारण तो पंचविशीचा आहे. कॅमेरा वापरणार कोण? आपण. आपल्यापैकी निम्म्या जणींना चाळिशीचा चष्मा आहे. छोटा कॅमेरा पुढे धरून मागच्या पडद्यावर पाहायचे, तर चष्मा लावल्याखेरीज धड दिसत नाही. आणि गणपतीपुळ्याला दुपारी वाळूवर उभे राहिले की चष्मा लावूनही काळा पडदाच दिसतो. मी वापरलेल्या मिररलेसला डोळा लावायची खिडकी आहे, आणि खिडकीशेजारी बारीकशी फिरकी. ती फिरवली की चष्म्याचा नंबर जुळतो आणि चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते. शेजारच्या मुलीच्या कॅमेऱ्याला ही खिडकीच नाही. काही छोट्या कॅमेऱ्यांना असते. घरासाठी घेणाऱ्यांनी ती आहे का, हे पाहून घ्यावे.

वजनाचे म्हणाल तर छोटा तीनशे ग्रॅम. मिररलेस खोक्यातल्या भिंगासकट पाचशे, आणि दुसरे भिंग धरून साडेसहाशेच्या वर. मार्लेश्वरच्या पायऱ्या चढताना हा फरक खांद्याला कळतो. तिथे मी छोटाच नेईन.

आपल्या रत्नागिरीच्या हवेत दोन्ही जातींना एकच शत्रू, बुरशी. आषाढ-श्रावणात कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवलात की भाद्रपदात भिंगाच्या आत कोळ्याचे जाळे विणलेले दिसेल. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढे पुरे. डबा तांदळाचा चालेल. तांदूळ मात्र काढून घ्या. धुळीचे मात्र उलटे आहे. भिंग बदलताना मिररलेसच्या चकतीवर धूळ बसते, पण ती फुग्याने वारा मारून घरी उडवता येते. छोट्या कॅमेऱ्याचे भिंग आतबाहेर होताना धूळ आत ओढते, आणि एकदा ती आत गेली की तो सगळा खोलल्यावाचून निघत नाही.

मोबाईल असताना हा खटाटोप कशाला, असे ज्यांनी विचारले त्यांचेही खरे आहे. दिवसा, उजेडात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला मोबाईल पुष्कळ झाला. फक्त स्मरणिकेसाठी फोटो पाठवायचा तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आटत नाही. हे आपण आधी केले असते तर काकूंचा फोटो निदान थोडा बरा छापला गेला असता.

तर माझे मत असे. मिररलेस घ्यायचा तर पन्नासच्या भिंगासकट घ्या. खोक्यातल्या भिंगावर पैसे संपणार असतील, तर मिररलेस घेऊच नका. त्यापेक्षा छोटा कॅमेरा आपल्या हॉलमध्ये उजवा ठरेल, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिन्हींत सगळ्यांत वाईट सौदा तोच, आणि दुकानात सगळ्यांत आधी पुढे करतात तोही तोच. समूहफोटो अंगणात काढावा, तिथे मागे सरकायला जागा आहे. शिवणयंत्रे आधी दुरुस्त व्हावीत. उरलेल्या पैशांत कॅमेरा आणि भिंग दोन्ही बसत नसतील, तर पुढच्या दिवाळीच्या फराळापर्यंत थांबावे, असा ठराव मी मांडते.

पण त्या एकोणीस जणींनी दिवाळीपर्यंत थांबायचे कारण नाही. पुतण्याचा कॅमेरा आणि ते भिंग आषाढी एकादशीपर्यंत माझ्याकडे आहे. येत्या मंगळवारपासून रोज दुपारी चार वाजता हॉलच्या उत्तरेकडच्या खिडकीशी खुर्ची मांडलेली असेल. रोज दोघींना बोलवू. सगळ्यांत वडील असतील त्या आधी. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी मी येईन. नवे लुगडे नेसायलाच पाहिजे असे नाही; रोजच्या वेषात आलात तरी चालेल. चष्मा रोज लावत असाल तर तो लावूनच या. सूनबाईंना किंवा लेकीला बरोबर आणा, कारण कोणी ओळखीचे बोलत असले म्हणजे चेहरा मोकळा राहतो. नावे चिटणीसबाईंच्या वहीत लिहावीत.