एजंटाची परीक्षा, गुंतवणूकदाराचा अभ्यास

स्वतःच्या पैशाने घर घेणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला परवाना लागत नाही. पण रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदवलेल्या प्रकल्पातली सदनिका दलाली घेऊन दुसऱ्याला मिळवून द्यायची, तर एजंट म्हणून महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी हवीच. जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही बंधनकारक झाली.

गुंतवणूक करता करता या व्यवसायात उतरणाऱ्यांनी तयारीची सुरुवात २०१६ च्या रेरा कायद्यापासूनच करावी. नुसती कलमं घोकू नका, आकडे मांडून बघा. समजा, सदनिका ६० लाखांची आहे. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी विकासकाला किती रक्कम घेता येते? १० टक्के, म्हणजे ६ लाख. त्याहून एक रुपयाही जास्त नाही.

चटई क्षेत्राचंही तसंच. स्वतःच्या घरात टेप लावून मोजा. खोल्यांमधल्या आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडायची. एकदा हाताने मोजलेलं परीक्षेत विसरत नाही.

ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के स्वतंत्र बँक खात्यात ठेवणं, ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी, हे मुद्देही पक्के करा. सोबत महारेराच्या संकेतस्थळावर एखाद्या प्रकल्पाची माहिती उघडून शेवटपर्यंत वाचा.

लक्षात ठेवा, समोरचं कुटुंब आयुष्याची पुंजी तुमच्या शब्दावर लावत असतं. अभ्यास गुणांपुरता नको, त्या विश्वासासाठी करा.