चामड्यातील प्रथिने : विकरांचे कार्य आणि आपले कर्तव्य

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्यापैकी अनेकांना दूरचा वाटला असेल. मीही कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि, एके काळी विहिरीवरील मोटेपासून पायातील वहाणेपर्यंत ज्या चामड्याने आपल्या खेड्यांचा संसार चालविला, ते कसे तयार होते आणि तयार करणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. मीठ लावून टिकविलेली १,००० किलो कच्ची कातडी कारखान्यात गेली, तर तयार चामडे सुमारे २०० ते २५० किलोच हाती येते. घटलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो, हे खरे. परंतु केस, मांसाचे पापुद्रे, काठाचे तुकडे आणि चामड्याची जाडी सारखी करताना निघणारा कीस यांच्या रूपाने पुष्कळ मोलाचे द्रव्यही टाकून दिले जाते. हे द्रव्य म्हणजे प्रामुख्याने प्रथिने होत. केसांत केराटिन असते, तर कातडीत कोलॅजेन. आणि कोलॅजेनपासूनच सरस व जिलेटिन तयार होते.

कातडी कमावण्यापूर्वी तिच्यावरील केस काढावे लागतात. त्यासाठी कारखान्यांतून चुना व सोडियम सल्फाइड यांचा सर्रास वापर होतो. त्यांत केस विरघळतात आणि त्यांचा लगदा सांडपाण्यात मिसळतो. या सांडपाण्याचा आम्लयुक्त सांडपाण्याशी संयोग झाल्यास हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. तो फार झाला की नाकाला त्याचा वासही कळेनासा होतो आणि टाकीत उतरलेला मनुष्य क्षणार्धात कोसळतो. २०१५ साली तमिळनाडूतील राणीपेट येथे चर्मोद्योगाच्या सामुदायिक सांडपाणी केंद्रातील गाळाची टाकी फुटून दहा कामगार मृत्युमुखी पडले. टाकाऊ द्रव्याचा प्रश्न हा अखेरीस माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

येथे विकरांचे साहाय्य होते. विकर म्हणजे सजीवांच्या पेशींत तयार होणारे आणि रासायनिक क्रियांना गती देणारे द्रव्य. आपण खाल्लेल्या डाळीतील प्रथिने पचतात, ती विकरांमुळेच. चर्मोद्योगाला त्यांचा उपयोग फार पूर्वीपासून ठाऊक होता. मात्र त्यामागील कारण ठाऊक नव्हते. कातडी मऊ करण्यासाठी युरोपातील कारागीर कुत्र्याची विष्ठा व कबुतरांची शीट वापरीत. त्यांतील गुण विकरांचा आहे, हे ओळखून जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जनावरांच्या स्वादुपिंडातील विकरांपासून स्वच्छ पर्याय तयार केला. कारागिराचा हात त्या घाणीतून सुटला, तो या शोधामुळे.

केस काढण्यासाठीही हेच तत्त्व लागू पडते. योग्य विकर निवडल्यास ते केसाच्या मुळाभोवतीची प्रथिने सैल करते आणि कोलॅजेनला धक्का न लावता केस अखंड सुटतो. असा केस गाळून वेगळा काढता येतो. सल्फाइड कमी लागते आणि सांडपाण्यावरील भारही घटतो. १९४८ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत या पद्धतींवर अनेक दशके संशोधन झाले आहे.

क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या किसाचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यात प्रथिनांबरोबर क्रोमियमही अडकलेले असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, फिलाडेल्फियाजवळील विंडमूर येथील संशोधन केंद्राने यावर दोन टप्प्यांची पद्धत विकसित केली. प्रथम कीस अल्कधर्मी पाण्यात तापवून जिलेटिन वेगळे काढावयाचे. नंतर उरलेल्या भागावर विकराची क्रिया करून बाकीची प्रथिने विरघळवावयाची. शेवटी क्रोमियमयुक्त गाळ उरतो. त्यावर प्रक्रिया करून तो कमावण्याच्या कामी पुन्हा वापरता येतो. जे उकिरड्यावर जात होते, त्याची दोन उपयुक्त द्रव्ये झाली.

मग हे सर्वत्र का होत नाही? विकरांना खर्च येतो. तापमान, वेळ आणि आम्लता यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. क्रिया अपुरी झाली तर केस राहतात. अधिक झाली तर कातडीचा पृष्ठभाग बिघडतो. एका कातडीच्या नुकसानीने ज्याचा आठवड्याचा हिशेब कोलमडतो, तो लहान कारागीर प्रयोगाला कचरतो, यात त्याचा दोष नाही. त्याला हवे आहे प्रात्यक्षिक, प्रशिक्षण आणि नुकसानीच्या वेळी आधार.

आपल्या कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात. त्यामुळे त्यांच्या बाबतीत क्रोमच्या किसाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु चुन्याच्या हौदात हात घालणारा माणूस येथेही आहे.

म्हणून तीन गोष्टी आवर्जून सांगतो. चुना-सल्फाइडचे आणि आम्लाचे सांडपाणी एका गटारात सोडू देऊ नका आणि हवा तपासल्यावाचून कोणासही टाकीत उतरवू नका. क्रोमचा कीस जाळू देऊ नका, कारण जाळल्याने त्यातील क्रोमियम अधिक घातक रूप धारण करू शकते. तो शेतात किंवा पशुखाद्यातही जाता कामा नये. आणि शिक्षकांनी विकरांचा धडा शिकविताना कातडी कमावणाऱ्याचे कसब विज्ञान म्हणून वर्गात मांडावे.

ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हे काम केले, त्यांना आपण गावाबाहेर ठेवले आणि त्यांनी कमावलेले चामडे मात्र पायात घातले. या ऋणाची फेड केवळ गौरवाच्या शब्दांनी होणार नाही. प्रयोगशाळेतील ज्ञान त्यांच्या हौदापर्यंत पोहोचविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.