दोन जोडी पायमोजे

(पुणे येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पायमोजा हा भाषणाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु शासनाने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याची योजना सुरू केली, आणि हा विषय आपल्या वर्गाच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला. दोन जोड्या आणि वर्ष मात्र सबंध! दिवाळीपूर्वीच टाच विरते, अंगठा बाहेर डोकावतो, आणि वर्गाबाहेर बूट काढताना मूल पाय आखडून घेते. ते असे का करते, हे ओळखणे शिक्षकाचे काम आहे.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत नवखा शिक्षक होतो. हिवाळ्यात एक मुलगा घरी विणलेले लोकरीचे पायमोजे घालून येई. एके दिवशी त्याच्या टाचेचे भोक पाहून मुले हसली. मीही रागावून म्हणालो, “फाटके घालण्यापेक्षा अनवाणी येत जा.” दुसऱ्या दिवशी तो खरोखरच अनवाणी आला. त्याने गुरूची आज्ञा पाळली होती! फरशी बर्फासारखी गार होती, आणि मला त्याच्या पायांकडे पाहवेना.

सुटीत पुण्याला घरी आलो, तेव्हा ही हकीकत आजीला सांगितली. ती सेवासदनात शिवणकाम शिकलेली. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यात स्थापन केलेल्या या संस्थेने स्त्रियांना अक्षरांबरोबर हाताचे कसबही दिले. आजीने मला उपदेश केला नाही. तिने माझाच एक फाटका पायमोजा घेतला, आत वाटी उपडी सरकवली आणि सुई माझ्या हाती दिली.

सुई घेऊन मी शाळेत परतलो. मुलाला पायमोजे मागितले, तर तो म्हणाला, “आईने उसवून त्याच लोकरीची धाकटीला टोपी विणली.” मी खजील झालो. ज्या घराला मी फाटके म्हणून हिणवले, त्या घराला विणणे आणि उसवणे या दोन्ही विद्या अवगत होत्या. मला एकही नव्हती.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हातमागाच्या कापडात उभे व आडवे धागे एकमेकांना छेदतात. पायमोजा तसा नसतो. तो एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवून, सुलट-उलट टाक्यांनी तयार होतो. म्हणूनच तो ताणतो. आणि म्हणूनच एक फास तुटला की खालचे फास शिडीसारखे सुटत जातात. तेव्हा भोक पडण्याची वाट न पाहता जागा विरळ दिसताच रफू करावे.

पायमोजा धुऊन वाळवावा. आत वाटी किंवा गुळगुळीत लाकडी गोळा धरावा. मोठ्या नेढ्याची बोथट सुई घ्यावी. दोरा पायमोज्याच्या जाडीचा असावा. भोकाच्या काठापासून बोटभर दूर, चांगल्या भागातून आरंभ करावा. गाठ मारू नये. ती बुटात टोचते आणि पायाला फोड येतो. प्रथम उभे धागे शेजारी शेजारी टाकावेत. मग आडवा धागा एका धाग्यावरून, दुसऱ्याखालून असा न्यावा. परतताना क्रम उलटा करावा. प्रत्येक वळणावर दोरा किंचित सैल सोडावा, कारण ही विणलेली जाळी पायमोज्याइतकी ताणत नाही. दोरा ओढला, तर कापड चुण्या पडून गोळा होते.

यात गणित आहे, कापडाची रचना आहे, धीर आहे. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे हा विचार १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथील परिषदेत मांडला गेला, आणि मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद १९३९ च्या ऑक्टोबरात आपल्या पुण्यातच भरली. पुढे पुष्कळ ठिकाणी टकळी फिरली, पण तिचा धागा इतर विषयांशी जुळला नाही. प्रदर्शनाच्या टेबलावर मांडण्यापुरते काम उरले. रफूचे तसे होऊ देऊ नका. ते टेबलावर शोभत नाही. ते पायात शोभते.

कार्यानुभवाच्या तासाला आरंभ करताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. नमुना म्हणून कोणत्याही मुलाचा फाटका पायमोजा वर्गासमोर धरू नका. पहिला पायमोजा शिक्षकाचा असावा. गुरुजींचाही पायमोजा फाटतो आणि ते तो स्वतः नीट करतात, हे मुलांनी एकदा पाहिले की फाटण्याची लाज निम्मी ओसरते. मुलगे व मुली दोघांनाही सुई द्या. ज्या मातांना विणकाम येते, त्यांना सन्मानाने शाळेत बोलवा. वर्गाच्या कपाटात एका डब्यात सुया, दोरा व वाटी ठेवा, आणि मुलांना तो न विचारता घेऊ द्या. सुया तेवढ्या मोजून परत ठेवण्याची सवय लावा.

त्या मुलाचे पाय मला अद्याप आठवतात. तेव्हा सुई माझ्या हाती असती, तर वीस मिनिटांचे काम होते. आपल्या वर्गात असे एखादे मूल आज पाय आखडून बसले असेल. त्याच्यासाठी ही वीस मिनिटे आपण काढावीत, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.