प्रशासक अराजकीय असतो काय?



लोकशाहीच्या संस्थांत राजकारण शिरले, अशी हळहळ सर्वत्र व्यक्त केली जाते. परंतु महापालिका, प्रभागरचना, निवडणुकीची तारीख ही साधने मुळातच राजकीय आहेत. सत्ता कोणी व कशी वापरावी, हे ठरविण्यासाठीच ती निर्माण झाली. खरा प्रश्न असा की, हे राजकारण लोकांच्या देखत चालते की त्यांच्या पाठीमागे? मालेगावचा अलीकडचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

यंत्रमागावर जगणाऱ्या या शहरात डिसेंबर २००१ मध्ये महापालिका स्थापन झाली आणि समाजवादी नेते निहाल अहमद तिचे पहिले महापौर झाले. मागावर राबणाऱ्या माणसाला गटाराची, नळाची तक्रार घेऊन नगरसेवकाच्या दारी जाता येई. जून २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि ते दार बंद झाले. महासभेचे व स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे गेले. मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली साडेतीन वर्षे शहराने कर भरला. अंदाजपत्रकावर सभागृहात बोलणारा लोकनियुक्त सदस्य मात्र एकही नव्हता.

७४ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो की, पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सभागृह विसर्जित झाले तरी ती सहा महिन्यांत घेतली पाहिजे. मग विलंब का झाला? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तिहेरी कसोटी लावली, त्यातून पेच उभा राहिला. तो पेच खरा होता आणि सामाजिक न्यायाचा आग्रहही रास्तच होता. परंतु मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाच्या हाती दिला, आणि तोही सत्ताधारी व विरोधक यांच्या एकमताने! अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा निवडणुकांची वाट मोकळी झाली.

प्रभागाची कथाही तशीच आहे. राज्यातील महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ साली एकाचे, २०१२ साली दोघांचे, २०१७ साली चौघांचे. पुढे २०१९ मध्ये पुन्हा एक सदस्य ठरला, २०२१ मध्ये तीन ठरले आणि २०२२ मध्ये सरकार बदलताच जुनी रचना परतली. मुंबईत मात्र या सर्व काळात एकच सदस्य राहिला. मोठ्या प्रभागात संकुचित गल्लीचे राजकारण मागे पडते, असे समर्थन केले जाते. परंतु चौपट क्षेत्रात प्रचाराचा खर्च कोणास पेलतो? जो चार गल्ल्यांत ओळखला जातो, पण ज्याच्यामागे पक्षाची थैली नाही, असा कार्यकर्ता येथेच गळून पडतो. आणि मत देणाऱ्यालाही चौघांपैकी जाब नेमका कोणाला विचारावा, हे कळत नाही.

काही सुशिक्षित म्हणतात, नगरसेवकांच्या टोळ्यांपेक्षा प्रशासक बरा. नगरसेवकांनी केलेली लूट कोणी नाकारीत नाही. परंतु भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता येते. प्रशासकाची नेमणूक व बदली मंत्रालयातून होते, म्हणून त्याची नजर मोसम नदीच्या दोन्ही काठांवरील वस्त्यांकडे नव्हे, मंत्रालयाकडे लागलेली असते. त्याच्या कारभारातही राजकारण असतेच. फक्त मालेगावकराला त्यात मत नसते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रभागरचना निवडणूक आयोगाकडे परत द्या. सदस्यसंख्या एकदाच कायद्याने निश्चित करा. प्रशासकाची मुदत सहा महिन्यांपुढे जाऊ देऊ नका. निवडणूक झाली, सभागृह भरले, म्हणून हा प्रश्न संपलेला नाही. ज्या कायद्याने साडेतीन वर्षे हिरावली गेली, तो कायदा बदलला नाही तर पाच वर्षांनी हाच अनुभव पुन्हा येईल.