हृदयाची लिपी

अक्षरे शिकविण्यापूर्वी आम्ही शिक्षक मुलांना रेघा ओळखावयास लावतो. हृदयविद्युतालेखाचेही तसेच आहे. या आलेखाच्या शोधाबद्दल हॉलंडमधील लायडनचे विलेम आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आरंभीचा 'पी' हा लहान उंचवटा म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांना मिळालेली वर्दी. पाठोपाठचे टोकदार 'क्यूआरएस' शिखर खालच्या कप्प्यांचे. शेवटची 'टी' लाट विसाव्याची. कागद बहुधा सेकंदास २५ मिलिमीटर सरकतो. दोन शिखरांमधील मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या संख्येने भागावे. चार चौकोन असतील तर मिनिटास ७५ ठोके. ताल नियमित असेल तरच हा हिशेब खरा.

परंतु शिखरांतील अंतरे वेडीवाकडी आणि 'पी' नाहीसा झालेला दिसला, तर वरचे कप्पे नुसते थरथरत असावेत, असा तर्क वैद्य करतात. तेथे रक्त साकळते. ती गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात! रोग्यास मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. वेळीच निदान झाल्यास रक्त न गोठू देणारे औषध हे संकट बहुतांशी टाळू शकते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची नाडी अधूनमधून पाहावी. ती अडखळत असेल, तर आलेख काढून घेण्यास विलंब करू नये. ही लिपी पूर्ण वाचणे वैद्यांचे काम. पहिली चूक हेरणे आपल्याही हाती आहे.