कर्करोग जागा सोडतो तेव्हा



कर्करोगाची गाठ एका जागी असते तोवर ती शस्त्रक्रियेने काढून टाकता येते. कर्करोगाने दगावणाऱ्या बहुतेकांचा घात होतो तो तिथून निघून फुप्फुसात, यकृतात किंवा हाडांत जाऊन बसलेल्या पेशींमुळे. या पेशी मुळात आपली जागा सोडतात कशा, हा आजच्या बोलण्याचा विषय.

तोंडाच्या किंवा आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ही पकड कशामुळे येते, याचा माग जपानमधल्या क्योतो इथे मासातोशी ताकेइची यांनी काढला. पेशी सुट्या करायला प्रयोगशाळेत ट्रिप्सिन वापरतात. ते प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. ताकेइचींना दिसलं की द्रावात कॅल्शियम असलं, तर पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन ट्रिप्सिनला अजिबात दाद देत नाही. कॅल्शियम काढून घेतलं की तेच प्रथिन तुटतं, आणि मग पेशी पुन्हा जुळत नाहीत. या प्रथिनाला पुढे कॅडहेरिन हे नाव मिळालं. अनेक कर्करोगांत ते कमी झालेलं आढळतं. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या जठराचा कर्करोग होत होता. त्याचं मूळ याच प्रथिनाच्या जनुकातल्या बिघाडात असल्याचं १९९८ मध्ये सिद्ध झालं.

पण पकड सुटली म्हणून पेशीची वाट लगेच मोकळी होत नाही. अस्तराच्या खाली एक पातळ, चिवट थर असतो. त्याला आधारपटल म्हणतात. अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. त्या या पटलाच्या पलीकडे असतात. म्हणजे दूर जायचं तर हे पटल ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. ते मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या जाळीचं बनलेलं असतं, आणि ही जाळी कापायला कात्री लागते.

प्राण्यांत तशी कात्री पहिल्यांदा सापडली ती बेडकाच्या पिल्लात. या पिल्लाचं शेपूट वाढीच्या ओघात झडून न पडता जागच्या जागी जिरून जातं. मग त्यातलं कोलॅजेन जातं कुठे? १९६२ मध्ये बोस्टनला जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी शेपटीचे बारीक तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवून उबेत ठेवले. तुकड्यांभोवतीचा थर विरघळून गेला. शेपटीतल्या पेशी कोलॅजेन तोडणारं एन्झाइम बाहेर सोडत होत्या. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत लान्स लिओटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदरांतल्या ज्या गाठी जास्त पसरतात, त्यांच्या पेशी आधारपटलाचं कोलॅजेनही जास्त तोडतात.

पकड सुटणं आणि पटल तुटणं या दोन गोष्टींचा आपसात संबंध असतो का? नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत डॉ. सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने याचा एक धागा उलगडला. पेशींच्या जोडांत प्लाकोफिलिन-३ नावाचं प्रथिन असतं. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींमधलं हे प्रथिन कमी केल्यावर त्या सैल झाल्या आणि उंदरांत पसरल्या. शिवाय त्यांच्यात अशा कात्र्यांच्याच गटातलं एमएमपी-७ हे प्रोटीएज वाढलं. ते कमी केल्यावर पेशींची घुसखोरीही कमी झाली. म्हणजे जोड ढिला पडणं हेच कात्री चालू होण्याचं एक कारण ठरलं.

मग कात्रीच बोथट केली तर? हा प्रयत्नही झाला. १९९० च्या दशकात मारिमास्टॅटसारखी औषधं मोठ्या आशेने रुग्णांना देऊन पाहिली. बहुतेक चाचण्यांमध्ये आयुष्य वाढलं नाही. उलट सांधे दुखू लागले, आखडले. शरीर याच गटातली एन्झाइमं जखम भरायला आणि ऊतींची डागडुजी करायला वापरतं. त्यांतली काही तर कर्करोगाला अटकाव करतात, हे नंतर समजलं. या औषधांनी मात्र उपयोगी, अपायकारक अशी सगळी एन्झाइमं सरसकट अडवली. शिवाय चाचण्यांमधल्या अनेक रुग्णांचा आजार तोवर बराच पुढे गेलेला होता. पेशी पटल ओलांडून गेल्यावर कात्री अडवून फारसं काही हाती लागत नाही.

या संशोधनातून निवडक एन्झाइमांवरची औषधं येतील, न येतील. एक गोष्ट मात्र आजच पक्की आहे: रोग पटलाच्या अलीकडे असताना पकडला, तर तो तिथेच काढून टाकता येतो. तंबाखू, गुटखा, सुपारी यांच्या पायी आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे, आणि तोंड तर आरशात दिसतं. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, किंवा दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. डॉक्टरांना तोंड दाखवा, आणि तंबाखू आजच सोडा.